पान का फळ

आई, चूक तुझीच होती, हे मी अजून म्हणतो. अळू म्हटलं की नाशकात कोणीही पानंच आणणार. वडीची नाहीतर भाजीची, एवढाच काय तो फरक. तुझं अळू म्हणजे वेगळंच झाड, काट्यांचं, तुझ्या माहेरच्या डोंगरातलं, हे नीट सांगायला तुला काय झालं होतं? तू नुसतं म्हणायचीस, "आमच्याकडं अळूला फळ येतं. पेंढ्यात घालून पिकवायचं, गुळासारखं लागतं." मी आणि ताई हसायचो. मीच जास्त. गंगापूर रोडच्या बंगल्यांतली भांडी घासून तू यायचीस, स्टोव्हला पंप मारता मारता काही सांगायला लागलीस की मी म्हणायचो, "झालं, आलं अळूला फळ!" पुढं घरात कोणीही थाप मारली की तेच. तूही हसायचीस. एकदाच चिडलीस. पळी हातात तशीच, म्हणालीस, "मेल्या, मी काय खोटं बोलते? तू पेठच्या पुढं गेलायस का कधी?"

गेलो नव्हतो. नंतर मात्र पायाला भिंगरी लागली. चौथीत शाळा सुटली, मग गॅरेज सोडलं, द्राक्षबागेतलं काम सोडलं, आता गुजरातेत कांडल्याच्या बंदरात पोती उतरवतो. तेही किती दिवस, सांगता येत नाही. तुला जाऊन आठ वर्षं झाली. यंदा दिवाळीला सुट्टी मिळाली नाही, तुळशीचं लग्न झाल्यावर नाशिकला निघालो. एसटी पेठला थांबली, बाजाराचा दिवस होता. चहा पिऊन फिरतोय तर एक म्हातारी सागाच्या पानांवर वाटे लावून बसलेली. चिकूएवढी तपकिरी फळं, गुळगुळीत, मऊ पडलेली.

"मावशी, काय हे?"

"अळू."

"अळू पानाचं असतं."

ती शेजारणीकडं वळली. "ऐकलं का गं? ह्यो नुसती पानं खातो, फळ ठावं नाय याला!" मग मला म्हणाली, "खाऊन बघ, बाबा. एकाचं पैसं नको देऊ."

तिथंच उभ्याउभ्या खाल्लं. गुळासारखं नाही लागत, आई. गोड आहे, जरा आंबूस, आत चार-पाच कठीण बिया. गुळाचं तू वाढवून सांगितलंस. ताईला न्यावेत म्हणून चार वाटे घेतले आणि नाशिक येईपर्यंत खिडकीतून बिया थुंकत सगळे संपवले. तिच्या घरी रिकाम्या हातानं गेलो. तिचा पोरगा सांगत होता, शाळेत माकडानं मास्तरची टोपी नेली. ताई म्हणाली, "आलं अळूला फळ!" मी हसलो.

तुझ्या शेवटच्या दुखण्यातही कार्तिकच चालला होता. "तोंडाला चव नाही रे, कुठं अळू मिळतं का बघ," एवढंच म्हणालीस. मी पानं आणली. ताईनं भाजी केली, तू दोन घास खाल्लेस, घसा खाजला, पाणी मागितलंस. तू नीट सांगितलं नाहीस असं मी वर लिहिलंय. पण त्या दिवशी भाजीबाजारातल्या बाईनं मला विचारलं होतं, "पान का फळ?" तिच्या मागं फडक्यानं झाकलेली टोपली होती. फडकं उचल, असं मी म्हणालो नाही. फळ निघालं असतं तर इतकी वर्षं हसलो त्याचं काय करायचं होतं? "पान," म्हणालो.

आज कांडल्याला परत येऊन ताईला मनीऑर्डर करतोय. कुपनावर लिहिलं, 'पेठचं कोणी बाजारात बसलं तर अळू घे, फळ, पान नव्हे. पोराला दे. आई खरं सांगायची.' टोपलीचं लिहायला खाली दोन ओळी जागा होती, ती तशीच ठेवली. म्हणून हा कागद, आणि हा काही टपालात पडायचा नाही. मनीऑर्डर तीस रुपयांची आहे.