बाकी काही असलं तर शून्य

सर, तुम्ही जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तरी माझा राग गेलेला नाही. तुमच्यावरचा नव्हे, तिच्यावरचा. वडिलांच्या एम-एटी स्कूटरवर मागं बसून निमोण्याहून यायची ती. मी राहू गावाहून दोन एसट्या बदलून शिरूर गाठायचो, तर ही आधीच पहिल्या कॉम्प्युटरवर बसलेली. पिठाच्या गिरणीच्या वरच्या खोलीत तुमचा कॉम्प्युटर क्लास. बाकीची पोरं सी शिकून नोकऱ्या शोधत होती, आणि रविवारी सकाळी तुम्ही आम्हा दोघांनाच ती निराळी भाषा शिकवायचात, फंक्शनल म्हणतात ती. सर्टिफिकेट नाही, काही नाही. "हिच्यात कंपायलर आधी भांडतो, म्हंजी गिऱ्हाईक मागनं भांडत न्हाई," असं प्रोग्रॅम चालायच्या आधीच तपासून चुका दाखवणाऱ्या त्या कंपायलरचं कौतुक करायचात. मी येत होतो ते तुमच्या तोंडून एकदा शाब्बास ऐकायला. तिला ते दर रविवारी मिळायचं.

तो डेअरीच्या प्रोग्रॅमचा दिवस. दुधाची फॅट एकतर मोजलेली असते, नाहीतर मशीन बंद असतं. ती प्रत्येक शक्यतेला उभी रेघ मारून वेगळी ओळ लिहिते. मी मोजलेल्या फॅटची एक ओळ लिहितो आणि खाली एक आडवी रेघ ठोकून देतो: बाकी काही असलं तर शून्य. झालं काम. तिचं ते बारकाव्यानं लिहिणं बघून मला हसू येतं. मग तुम्ही येता आणि दोघांच्या यादीत तिसरी शक्यता घालता, दूध नासलं. तिचा कंपायलर लगेच अडून बसतो, प्रोग्रॅममध्ये तीन ठिकाणी नासलेल्या दुधाचं उत्तर राहिलंय म्हणतो, ओळींच्या नंबरासकट. माझा हूं की चूं करत नाही. मी जिंकल्याच्या तोऱ्यात तुमच्याकडं बघतो.

तुम्ही माझा कागद प्रिंटरमधून फाडलात. "मशीन बंद, फॅट शून्य. दूध नासलं, फॅट शून्य. आरं, मशीन बंद पडलं म्हणून चांगल्या म्हशीचं दूध पाणी झालं व्हय? कंपायलर तुला इचारत हुता. तू त्याचं त्वांड दाबलंस."

तिनं मान वर न करता विचारलं, "सर, नासलेलं माघारीच धाडायचं ना? मग त्याची फॅट लिहायचीच कशाला?"

"शाब्बास," तुम्ही म्हणालात, आणि त्या भाषेचं तुमचं झेरॉक्स केलेलं पुस्तक तिच्यापुढं ठेवलंत. मी जळून खाक झालो. परतीच्या एसटीत मला तिच्या हुशारीचा नाही, तिच्या शांतपणाचा संताप येत होता.

पुढं मी शिक्रापूरच्या कारखान्यात कॉम्प्युटर सांभाळायला लागलो, ती दौंडला कॉलेजात शिकवायला लागली. तुमच्या शोकसभेत माईक माझ्या हातात आला आणि मी हाच किस्सा सांगितला. फक्त उभ्या रेघा माझ्या केल्या, आडवी कुण्या दुसऱ्या पोराची, आणि शाब्बास मला मिळालं. लोकांनी डोळे पुसले. ती तिसऱ्या रांगेत होती. नंतर जवळ येऊन म्हणाली, "चांगलं बोललास," आणि चपला शोधायला गेली. चारचौघांत तिनं मला खोटं पाडलं असतं, तर मी तेव्हाच सुटलो असतो.

हे पत्र खरं तर तिला पाठवायला हवं. पत्ता आहे माझ्याकडं. पण मग तुमचं शाब्बास तिला परत द्यावं लागेल, आणि सर, ते मला अजून द्यायचं नाही.