शकूच्या आईचा पाट

सुरत, ११ एप्रिल १९७१, रविवार. सकाळी पाणी भरले, कपडे धुतले. दुपारी जज्जबाई येऊन गेल्या.

ती. शालिग्रामदादांस सुकदेवचा नमस्कार. वहिनींचा गुडघा कसा आहे? मी बरा आहे. सरला गेल्यावर तुम्ही शकूला धुळ्याला नेऊन पोटच्या पोरीसारखे सांभाळता, हे उपकार विसरणार नाही.

साखरपुड्यात शकूला बसवायला तुम्ही तिच्या आईचा लग्नातला पाट मागितला होता. उशीर झाला, कारण पाट कोर्टात होता. काही वर्षांपूर्वी, सरला असताना, आमच्या कोर्टात पहिल्यांदाच बाई जज्ज आल्या, त्या दिवशी मी पट्टेवाला म्हणून पुढे आणि त्या मागे. पक्षकार मलाच हात जोडू लागले (लाल पट्टा माझ्या अंगावर होता). बाई ठेंगण्या आणि खुर्ची जुन्या साहेबांच्या मापाची, त्यामुळे त्यांचे पाय लोंबकळत राहिले आणि ऐन साक्षीत एक चप्पल सुटून पडली. ती काढायला मी टेबलाखाली शिरलो. तेवढ्यात बाई उठल्या, म्हणून सगळे वकील उठले, आणि मी चप्पल हातात घेऊन वर आलो. (साक्षीदाराला वाटले, खोटे बोलल्याची शिक्षा हीच. त्याने लगेच साक्ष फिरवून खरे सांगितले.)

घरी सांगितले तर सरला म्हणाली, "पाय टेकले नाहीत तर बाईचं लक्ष कामात कसं लागेल? माझा पाट न्या." मी म्हणालो, लग्नातला आहे. "असू दे. लग्नानंतर मला त्यावर बसायला सवड कुठे दिली तुम्ही?" तेव्हापासून बाईंनी त्या पाटावर पाय टेकून काम केले. वकील आधी हसायचे. पुढे बाईंचे निकाल वरच्या कोर्टातही टिकू लागले, तसे गप्प झाले. आता त्यांना अहमदाबादला बढती मिळाली आहे. आज पाट धुऊन स्वतः घेऊन आल्या. (सरकारी गाडी पाहून चाळीला वाटले, दारूची धाड. शेजारच्या चिंधाने तर चांगले ताकही मोरीत ओतले.) बाई जमिनीवर बसल्या, सरलेच्या फोटोला हात जोडले, चहा घेतला. "शकू काय शिकते?" म्हणाल्या. मी म्हणालो, मामाकडे आहे, लग्न ठरते आहे. त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसल्या की समोरच्याला आपले उत्तर बदलावे लागते, हे मी इतकी वर्षे पाहिले आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.
आपला, सुकदेव

ता. क. पाट पाठवत नाही. साखरपुडा थांबवा. मुलाकडच्यांना सांगा, बाप फिरला. शाळा उघडायच्या आधी मी शकूला न्यायला येतो.

पुन्हा ता. क. रागावू नका. शकू उंचीला आईवर गेली आहे. खुर्चीवर बसली की तिचेही पाय टेकत नाहीत. भाकरी मला येते आता, एका बाजूने करपते. आजची तशीच आहे. पाट मांडून जेवायला बसतो.