पायाखालची ओल

४ डिसेंबर, मंगळवार

गाडीच्या तापमानाचा काटा पुन्हा लाल रेषेवर! तोही भर चौकात. मागच्यांनी हॉर्न वाजवून जीव नकोसा केला. बॉनेट उघडलं तर कूलंटच्या टाकीत ठणठण गोपाळ. शनिवारीच पाण्याने काठोकाठ भरली होती. गाडीखाली वाकून पाहिलं – एक थेंब नाही. मग जातं कुठे?

आई शेजारच्या सीटवर काठी धरून बसलेली. तिच्या फिजिओथेरपीची वेळ टळून गेली. म्हणाली, राहू दे, गुडघा काय पळून जातोय!

घरी पोचल्यावर तिला उतरवताना दिसलं, तिच्या पायाखालचं मॅट ओलं. मोजे ओले. मागच्या आठवड्यातही असंच होतं, तेव्हा वाटलं पाण्याची बाटली सांडली असेल. आज बाटली नव्हतीच. तिचे मोजे काढून गुपचूप धुवायला टाकले.

६ डिसेंबर, गुरुवार

गॅरेजमध्ये गेले. गॅरेजवाला बोलतो फार, शोधतो कमी. रेडिएटरचं झाकण सैल झालंय, वाफ होऊन पाणी उडतंय, असं त्याचं निदान. नवं झाकण बसवलं. आता निर्धास्त फिरा ताई!

जायच्या आधी मॅट धुऊन वाळवलं. खालचा गालिचा फडक्याने टिपून घेतला, वर सुगंधी फवारा मारला. परक्या माणसाला आपल्या आईचं कशाला कळायला हवं? घरची गोष्ट घरात.

९ डिसेंबर, रविवार

वहिनीशी फोनवर बोलताना मॅटचं तोंडातून निसटलं. तासाभरात दादाचा फोन. "म्हणजे सुरुवात झाली," म्हणाला. आधी नावं विसरणं, मग गॅस चालू ठेवणं, आता हे. त्याने एक जागा बघून ठेवलीय. त्याच्या शहरातच – वृद्धांसाठी, चोवीस तास नर्स, खाली बाग. एकच खोली रिकामी आहे, ती महिनाअखेरपर्यंत आपल्यासाठी धरून ठेवतील. मला विचारत होता, तू एकटी नोकरी करणार की हे?

भांडायला तयार होते मी. पण तो वाईट नाही हीच तर पंचाईत आहे! आईवर त्याचाही जीव आहे. मी नाही म्हटलं.

११ डिसेंबर, मंगळवार

टाकी परत रिकामी. मॅट परत ओलं.

१२ डिसेंबर, बुधवार

गॅरेज. आता म्हणे पाइप कडक झालेत, क्लिपाही गंजल्यात. सगळं बदललं. जुनी गाडी आहे ताई, एक शिवलं की दुसरं उसवतं. गळती सापडेपर्यंत साधंच पाणी घालत राहा म्हणाला, कूलंट कशाला वाया घालवता.

गाडी आतून किती स्वच्छ ठेवता, असं कौतुकही केलं. ठेवते बाबा. सकाळी उठून गालिचा घासला होता.

१४ डिसेंबर, शुक्रवार

आज मी तिच्या सीटवर रबरी कापड घातलं.

आईने ते पाहिलं. जन्मभर इस्पितळात नर्स होती, असली कापडं तिने किती पेशंटखाली घातली असतील! कापडाची सुरकुती सारखी करून त्यावर बसली. अर्ध्या वाटेत, खिडकीबाहेर बघतच म्हणाली, "मी नाही गं केलं." मी म्हटलं, कोण काय म्हणतंय तुला? उतरताना मॅट पुन्हा ओलं. या वेळी तिने स्वतः खाली वाकून बघितलं. बराच वेळ बघितलं.

"मला कळलंच नाही," म्हणाली.

घरी आल्यावर बघते तर सकाळी भरून ठेवलेला तिचा तांब्या तसाच. पाणी पिणंच बंद केलंय तिने! मी ओरडले तिच्यावर. गाडीत पाणी टिकत नाही, आईच्या पोटात पाणी जात नाही, आणि मी दोघींच्या मागे धावतेय. आता या वयात आईवर ओरडायचं म्हणजे कमालच. नंतर स्वयंपाकघरात जाऊन रडले.

१६ डिसेंबर, रविवार

दादाला हो सांगितलं. माझ्याच्याने होत नाही.

आईला दोघांनी मिळून फोनवर सांगितलं. वाटलं होतं, घर डोक्यावर घेईल. ही बाई भाजी कशी चिरायची यावरून शेजारणीशी वर्षभर अबोला धरणारी! तर म्हणाली, "तुम्ही दोघं ठरवाल ते." आणि चष्मा पुसत बसली.

१८ डिसेंबर, मंगळवार

आई फिजिओथेरपीला आलीच नाही. गाडीत बसणार नाही म्हणते.

मी एकटीच गॅरेजमध्ये. आता संशय वॉटर पंपावर. पण या वेळी त्याने नवं हिरवं कूलंट भरलं – रंगावरून माग लागेल म्हणाला, दोन दिवस चालवा आणि या. हे त्याला आधी का सुचलं नाही?

२० डिसेंबर, गुरुवार

थंडी कडक. ऑफिसपर्यंत हीटर पूर्ण सोडला होता. काच आतून धुरकट, पुसून पुसून हात दुखला. पर्स शेजारच्या सीटपुढे, पाय ठेवायच्या जागी ठेवलेली. उतरताना उचलली तर तळ ओला. आणि हिरवा.

आई शुक्रवारपासून या गाडीत बसलेलीच नाही.

मॅट उचललं. बोट लावलं – चिकट. वास घेतला – गोडसर. आणि मग ती सीट चाचपली, रबरी कापडाच्या वरून, खालून. खडखडीत कोरडी. सीट कोरडी आणि पाय ओले! बाळंही असं करत नाहीत! एवढे दिवस मॅट धूत होते, पण सीटला हात लावून पाहिला नाही. किळस नव्हती. लाज वाटत होती. तिच्या वतीने.

पार्किंगमध्ये मोठ्यांदा हसले. वॉचमन दचकला. मग गाडीत परत बसले, ऑफिसला अर्धा तास उशीर झाला.

२१ डिसेंबर, शुक्रवार

डॅशबोर्डच्या मागे हीटरचा एक छोटा रेडिएटर असतो. तो फुटलाय. पाणी बाहेर गळतच नव्हतं, सगळं आत, डाव्या बाजूला पायापाशी उतरत होतं.

गॅरेजवाला वैतागला. "ओल होती तर पहिल्याच दिवशी सांगायचं ना ताई! पाच मिनिटांत सापडलं असतं." काय सांगणार? दर वेळी मीच पुसून यायचे. शेवटी खरं ते सांगितलं. आईचंही. त्याने हातातला पाना खाली ठेवला. मग म्हणाला, काचा धुरकटतात का हे मीही विचारायला हवं होतं.

२२ डिसेंबर, शनिवार

अख्खा डॅशबोर्ड उतरवून काम झालं. गाडी ठीक!

आईला सांगितलं. तिला पटेना. पुन्हा सांगायला लावलं. मग काठी घेऊन खाली आली, गालिच्यावर तळवा दाबून पाहिला. कोरडा. जुना फुटका भाग मी मुद्दाम मागून आणला होता, तोही तिने हातात घेऊन उलटासुलटा केला.

"म्हणजे मी नव्हते," म्हणाली.

वर येऊन दोन भांडी पाणी प्यायली, घटाघटा. मग स्वतः दादाला फोन लावला. गाडीचा हीटर फुटला होता, मी नव्हे! तुमच्या बागेत तुम्हीच फिरा! दादा मला एवढंच म्हणाला, तुझी खात्री आहे ना? म्हटलं, शंभर टक्के. त्याने खोली सोडली. संध्याकाळच्या आत ती दुसऱ्या कुणीतरी घेतलीसुद्धा.

रात्री आई मला पोळ्या जाड झाल्या म्हणून बोलली. किती बरं वाटलं!

२५ डिसेंबर, मंगळवार

फिजिओथेरपी. काटा मधोमध. आई पुढे बसली, पाय पसरून.

२९ डिसेंबर, शनिवार

दोन दिवस गाडी बाहेर काढलेलीच नाही. सकाळी चहा झाल्यावर आई उठली. खुर्चीची गादी ओली होती. खाली फरशीवरही ओघळ.

ती बघत उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "गाडीचंच असेल."

मी फडकं आणलं. "हो," म्हटलं, "गाडीचंच."