गुलाबी पिल्लं आणि शिक्रा

भद्रावती, रविवार, संध्याकाळ

मागच्या पायरीवर हे आणि मी तुरीच्या शेंगा सोलत होतो, तेव्हा निंबावर पहिल्यांदा शिक्रा उतरला. "हलू नकोस," हे म्हणाले. शेंग बोटांत तशीच राहिली. हे गेले, तरी शिक्रे त्याच निंबावर घरटं करतात.

शेजारच्या ममतानं होळीचा उरलेला रंग कोंबडीच्या पिल्लांना फासला. गुलाबी पिल्लू शिक्रा ओळखत नाही म्हणे! आज एक नेलंच.

"तुमच्या पाखरानं माहं पिल्लू नेलं, बाई. उद्या भावाले चढवतो न घरटंच पाडतो."

"अगं, रंगवलंस म्हणून तर त्याला लांबून दिसलं."

हसली, पण राग गेला नाही. उरलेली पिल्लं तिनं टोपलीखाली कोंडली. फटींतून चोची बाहेर येत होत्या. मला बघवेना.

महिनाअखेर क्वार्टर सोडायचं. पुण्याहून मुलाचा फोन होता, "आई, तुझ्या गॅलरीला जाळी बसवली. आता एक पाखरू येणार नाही." किती मायेनं केलं त्यानं! मी "छान" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? दुसरीकडे जाणार तरी कुठे? पण ती जाळी... दिवसभर डोळ्यांपुढून हलत नाही.

आरामखुर्ची ममताच्या सासऱ्यांना. पक्ष्यांची पुस्तकं शाळेला. दुर्बीण ममताला, आणि ती उद्या सकाळीच, भाऊ यायच्या आत. आधी तिला घरट्यातली पिल्लं दाखवायची. मग म्हणावं, पाड.