नंबर २७१०

सोमवार, ४ मार्च

सर्व्हर पुन्हा बसला. सकाळी दहा ते सव्वाअकरा. पाच दवाखान्यांचे रक्ताचे रिपोर्ट अडकले, आणि आमचा मॅनेजर चहाच्या मशीनपाशी उभा राहून विचारतो, "रीस्टार्ट केला की होईल ना?" किळस येते या माणसाची. का बसला ते शोधायचंच नाही.

मंगळवार, ५ मार्च

आज आत डोकावले. एकच प्रोग्राम, त्याच्या पोटात दोनशे अकरा थ्रेड एकाच वेळी कामाला — आणि एकालाही धड नाव नाही. थ्रेड-१, थ्रेड-२, थ्रेड-३. कोण रिपोर्ट छापतो, कोण निरोप पाठवतो, कोण नुसता बसून खातो, नावावरून काही पत्ता लागत नाही. नाव द्यायला एक ओळ पुरते. तेवढ्यानंही यांचे हात दुखतात.

घरी येऊन आईपुढे तणतणले. उद्यापासून मीच एकेकाला नाव देणार म्हटलं. "नावं ठेवायला तुला कोणी शिकवायला नको," म्हणाली, आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

बुधवार, ६ मार्च

सापडला! मशीनच्या यादीत दिसतं कोण किती प्रोसेसर खातोय. प्रोग्रामच्या यादीत दिसतं कोण काय करतोय. दोन्ही शेजारी ठेवायच्या आणि मशीननं प्रत्येक थ्रेडला दिलेला नंबर जुळवायचा. खादाड नंबर २७१०. दुसऱ्या यादीतला २७१० — रिपोर्ट छापणारा. म्हणजे चष्मेवालीचा कोड.

सहा महिन्यांच्या बोलीवर घेतलेली पोरगी. तिला कायम करायचं की नाही ते परवा, शुक्रवारी ठरणार. मीटिंगमध्ये मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवलं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, तो नंबर एकदा परत बघाल का?" म्हटलं, बाई, वीस वर्षं हेच करतेय मी. दोघं-तिघं हसले. चूक करायची ती करायची, वर मलाच शिकवायचं.

संध्याकाळी माझ्या कीबोर्डवर तिची चिठ्ठी, चार घड्या घालून. रडगाणं असणार. असल्या गोष्टींचा मला तिटकारा आहे. न उघडताच या वहीच्या मागच्या कव्हरात खोचली.

शुक्रवार, ८ मार्च

तिला काढलं. जाताना टेबल ओल्या फडक्यानं पुसून गेली. माझ्याकडे दोनदा बघितलं. तिचा थ्रेडही बंद केला, छपाई जुन्या पद्धतीवर नेली. मॅनेजर म्हणाला, "तुमच्यामुळे सुटलो." याच्या तोंडून कौतुकही नको वाटतं.

मंगळवार, १२ मार्च

सर्व्हर बसला. तिचा थ्रेड बंद असताना.

बुधवारच्या याद्या जपून ठेवल्या होत्या, त्या काढल्या. पाच मिनिटांत दिसलं. मशीनची यादी नंबर आपल्या नेहमीच्या दहाच्या हिशेबात लिहिते, प्रोग्रामची सोळाच्या — तिथे नवानंतर ए, बी, सी येतात, म्हणून दिसायला तोच नंबर, पण किंमत वेगळी. आधी बदलून घ्यायचा, मग जुळवायचा. नव्या आलेल्यांना पहिल्याच दिवशी मी हे फळ्यावर लिहून शिकवते. आणि मीच बदलला नाही. सरळ २७१० समोर दिसला, वैतागलेली होतेच, धरला.

बदलून बघितलं तर २७१० चा होतो ए९६. तो निरोप पाठवणारा. सहा वर्षं जुना कोड, ती इथे यायच्या कितीतरी आधीचा. तिचा थ्रेड बिचारा गपगुमान काम करत होता.

मॅनेजरला जाऊन सांगितलं. "जागा भरली, मॅडम. आता कशाला उकरताय?" त्याची किळस यायला हवी होती. माझीच आली.

बुधवार, १३ मार्च

चिठ्ठी आज उघडली.

"मॅडम, प्रोग्रामच्या यादीतला २७१० म्हणजे आपल्या हिशेबात दहा हजार. तुम्हीच शिकवलंत. सगळ्यांसमोर बोलणं बरं दिसलं नसतं. शुक्रवारच्या आत तुम्हीच सांगाल ना?"