नोरीनच्या शेजारची जागा

मी, कुमारी एल्सपेथ डालग्लीश, वय एकोणऐंशी, निवृत्त शिक्षिका, राहणार डनीडिन, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर आहे. शंका असेल त्याने येऊन मला विचारावं.

१. घर आणि बँकेतली शिल्लक भाची आयला हिला द्यावी. मात्र माझ्या स्मरणसभेत नोरीन कथबर्टचे चीज रोल ठेवू नयेत. लोक तेच आधी संपवतात आणि मग दिवसभर त्यांच्याबद्दलच बोलतात.

२. ही नोरीन मी शिकवायचे त्या वैद्यकीय महाविद्यालयात, माझ्याच विभागात काचपट्ट्यांसाठी काप करायच्या कामावर होती. तरुणपणी तिचं अपेंडिक्स काढलं, तेव्हा बाईने ते मागून घेतलं, मेणात बसवून त्याचे पातळ काप केले, रंगवले आणि एक काचपट्टी शिकवायच्या पेटीत ठेवून दिली. पुढे वर्षानुवर्षं मी घसा कोरडा करून सांगायचे, की आपण सगळे एकाच पेशीपासून सुरू होतो. मग कुणी पेशी चिकट स्राव करू लागते, कुणी पहारा देते, आणि एकदा काम ठरलं की सहसा मागे फिरत नाही. मुलं सूक्ष्मदर्शकाला डोळा लावायची आणि "काय सुंदर आहे हो, मिस!" म्हणायची ती नोरीनच्या आतड्याला. माझा जळफळाट व्हायचा. अजूनही होतो.

३. म्हणून माझा देह त्याच महाविद्यालयाला द्यावा. जिभेच्या मागच्या भागाचे काप करून एक पट्टी त्याच पेटीत, नोरीनच्या पट्टीशेजारी ठेवावी. चव ओळखणाऱ्या पेशी तिथे कळ्यांसारख्या झुबक्याने बसलेल्या असतात, अपेंडिक्सहून कितीतरी देखण्या. माझी जीभ कशी आहे हे विभागात सगळ्यांना ठाऊक आहे, तेव्हा कुणी हसू नये.

४. अडचण एवढीच की, न चुरगळता असा काप काढणारे हात माझ्या माहितीत एकाच बाईचे उरलेत. सत्त्याहत्तरीतही थरथरत नाहीत मेले. वेडावाकडा काप तिच्या शेजारी बसला तर मेल्यावर माझं हसं होईल. म्हणून हे काम नोरीननेच करावं, आणि तिचे उपकार नकोत म्हणून माझा पितळी सूक्ष्मदर्शक तिला द्यावा.

५. वरचं कलम ऐकवायला आज तिला घरी बोलावलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. वकील पराटा म्हणाले की अजून एक साक्षीदार हवा, पण साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही.

"मग मीच होते साक्षीदार," नोरीन म्हणाली.

"अगं, सूक्ष्मदर्शक जाईल तुझा."

"जाऊ दे. तुझी जीभ मी फुकट कापीन, एल्सी. आयुष्यभर वाट बघितलीय." मग चष्मा पुसत म्हणाली, "आणि अशी कापीन, की पोरं माझ्या आतड्याकडे ढुंकून बघणार नाहीत."

सबब सूक्ष्मदर्शकही आयलाला द्यावा. देण्यातसुद्धा बाई माझ्यापुढे गेली, आणि हे मला मरेपर्यंत सलणार आहे.

सही: एल्सपेथ डालग्लीश

आम्हा दोघांच्या डोळ्यांदेखत सही झाली:
१. तमाती पराटा, वकील
२. नोरीन कथबर्ट

डनीडिन, १४ मे २००९