नखभर राज्याची खबरबात

प्रिय दादा,

(आणि महाराज! हे पत्र तुम्हा दोघांनाही आहे. आधी दादाने वाचावं, मग महाराजांच्या कानावर घालावं.)

ख्यालीखुशाली नंतर, आधी बातमी, कारण ती पोटात मावत नाहीये. एक्कावन्न! काल रविवारी पावणेसहा वाजता, एक्कावन्न टक्के! मी अशी काही किंचाळले की खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाई हातातल्या कात्रीसकट धावत वर आल्या. त्यांना वाटलं माझ्या अंगावर पाल पडली. पाल नाही हो, माझं राज्य वाचलं, असं मी त्यांना सांगितलं. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पडद्यावरच्या नकाशाकडे पाहिलं, आणि दुपारी नीट जेवलात ना, एवढंच विचारून त्या खाली गेल्या. आता जिन्यात भेटल्या की त्या माझ्याशी लहान मुलाशी बोलावं तशा बोलणार, पण बोलोत बापड्या.

हे मी लॅबमध्ये बसून, जेवणाच्या सुट्टीत लिहिते आहे. भट्टीत चिनीमातीचे सहा दात आहेत, एका बँकेतल्या बाईंचे, वरचे पुढचे. भट्टी थंड झाल्याशिवाय दार उघडायचं नाही, घाईने उघडलं की दाताला तडा. म्हणजे मला चाळीस मिनिटं आहेत आणि सांगायचं आहे अकरा रविवारांचं. कागदावर पांढरे ठसे दिसले तर ते प्लास्टरचे आहेत, माझे अश्रू वगैरे समजू नकोस. तुला पत्र लिहायला बसले तेव्हा शेजारच्या टेबलावरच्या मुलीने विचारलं, फोन का नाही करत? म्हटलं, फोनवर हे सांगायचं नसतं. खरं तेच सांगितलं, फक्त पूर्ण नाही सांगितलं.

तुला आठवतं ना हे सगळं सुरू कसं झालं? तीस वर्षं सर्व्हे ऑफिसात लोकांच्या जमिनी मोजून तुझं मन भरलं नव्हतं, म्हणून तू खेळही तसलाच शोधून काढलास. पाचशे वर्षांपूर्वीचं जग, शेकडो राज्यं, प्रत्येकाने एकेक चालवायचं. रविवारी चार ते सात, आपापल्या घरून, कानाला हेडफोन लावून. तू थोरल्या राज्याचा राजा. उत्तरेला बेकरीवाला, जो खऱ्या आयुष्यात पावासारखंच तोलून-मापून हसतो आणि खेळात मात्र कुणाच्याही शेतात घोडे घालतो. समुद्राकडे ग्रंथपालबाई, ज्यांचं आरमार त्यांच्या वाचनालयासारखं, शिस्तीचं आणि कुणाला सहसा काही बाहेर न देणारं. आणि मी. मला तू दिलंस दोन परगण्यांचं राज्य, एक डोंगर आणि एक पूल. नकाशा अगदी मोठा केला तरी माझ्या करंगळीच्या नखाखाली झाकलं जायचं, म्हणून त्याचं नाव पडलं नखभर.

आणि तो पहिला दिवस! सगळा खेळ इंग्रजीत. माझ्या राज्याच्या नावाखाली 'सब्जेक्ट' लिहिलेलं. मी आपली भाबडेपणाने विचारते, दादा, माझा सब्जेक्ट कुठला, गणित असेल तर मला नको. तुम्ही तिघं हसून हसून लोळलात. मग तू समजावलंस की इथे सब्जेक्ट म्हणजे विषय नव्हे, मांडलिक. म्हणजे मी तुझी मांडलिक, तू माझा सार्वभौम. मी म्हटलं, त्यात नवीन काय, जन्मल्यापासून तेच चाललंय. तेव्हापासून बेकरीवाल्याने माझ्यावर स्वारी केली की तो ओरडायचा, आज विषय संपवतो! आणि सहा वर्षांत एकदाही त्याला तो संपवता आला नाही.

का आला नाही, ते त्यालाही माहीत आहे. तू युद्ध पुकारायचास आणि मी माझे चार हजार गडी घेऊन तुझ्या मागोमाग निघायची, कुठे जायचं आहे हेसुद्धा न विचारता. पण त्या एका रविवारी बेकरीवाला वीस हजारांनिशी माझ्या पुलावर उतरला, तेव्हा तू पूर्वेची राजधानी पडायला खेळातला जेमतेम महिना उरला असताना वेढा उठवलास आणि माघारी आलास. हातातोंडाशी आलेला घास सोडलास माझ्या एका पुलासाठी. ग्रंथपालबाई म्हणाल्या, हा शुद्ध वेडेपणा आहे. तू म्हणालास, धाकटीचा पूल आहे तो. मांडलिकांच्या मनात स्वातंत्र्याची ओढ किती आहे हे खेळात टक्क्यांनी दाखवतात. माझी सहा वर्षं आठच्या वर गेली नाही. आठ टक्के म्हणजे साधी कणकणसुद्धा नाही, असं बाई म्हणायच्या.

मग तुझं दुखणं झालं, आणि दवाखान्यातून आल्यावर तू एकदाच खेळायला बसलास. त्यानंतर तुझी खुर्ची रिकामी आहे. खेळाडू आला नाही की त्याच्या गादीवर कॉम्प्युटर बसतो, हे तूच आम्हाला शिकवलंस. तो बसला आणि पहिल्याच रविवारी त्याने काय केलं असेल? मला गिळायला घेतलं! रीतसर हं, युद्ध नाही, भांडण नाही. एक हिरवी पट्टी, तिच्यावर लिहिलेलं विलीनीकरण, आणि ती दर रविवारी थोडी थोडी भरत जायची. त्याला कोण धाकटी आणि कुठला पूल? कालच्या आधीच्या रविवारी पट्टी चौऱ्याऐंशीवर होती. अजून दोन रविवार, की डोंगर तुझ्या रंगाचा, पूल तुझ्या रंगाचा आणि मी बाहेर. यातून सुटका एकच. मांडलिकाची ओढ पन्नासच्या वर गेली की त्याला गिळता येत नाही.

आठवरून पन्नास! अशी मी कामाला लागले म्हणतोस. आधी तू सांगितलेलं केलं, म्हणजे काहीच केलं नाही. आपण नक्की कुठे उभे आहोत ते पाहिल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, हे तुझं जमीन मोजणाऱ्याचं शहाणपण. पाहिलं तर तुझा तो यंत्र-राजा पूर्वेला एका वेळी तीन जणांशी लढत होता. त्याने मला हाक मारली. मी निघालेसुद्धा, पण सैन्य नेऊन ठेवलं सगळ्यात मागच्या किल्ल्यावर आणि तिथेच मुक्काम ठोकला. त्याचे गडी मरत होते, माझे जेवून-खाऊन धष्टपुष्ट होत होते. हत्तीचे दाखवायचे दात वेगळे आणि खायचे वेगळे, आणि मी पडले दोन्ही प्रकारचे बनवणारी! मांडलिक सार्वभौमापुढे जितका तगडा, तितकी त्याची ओढ जास्त: बावीस, तीस, छत्तीस. मग गेले बेकरीवाल्याकडे. हो, त्याच्याकडेच. माझ्या बंडाला पाठिंबा दे म्हटलं. त्याने मोबदल्यात पूल मागितला. मी म्हटलं, डोंगर घे, डोकं घे, पूल मिळणार नाही. तो म्हणाला, राहू दे पूल, फुकट देतो पाठिंबा, तुझा दादा नसल्यापासून उत्तरेला काही मजा नाही. एवढं बोलून त्याने आवाज बंद केला. नाक शिंकरत असणार, पण विचारलं तर ओव्हन बघायला गेलो होतो म्हणेल. बाईही आल्या. चव्वेचाळीस, सत्तेचाळीस, एकोणपन्नास, आणि तिथे काटा जो अडकला तो हलेचना. मी दात-ओठ खात बसले होते. पावणेसहाला पूर्वेकडच्या घाटात त्या यंत्राची एक अख्खी तुकडी कापली गेली, आणि एक्कावन्न! हिरवी पट्टी थांबली आणि बंडाचं बटण उजळलं. दाब, दाब, असं दोघंही ओरडत होते.

मी नाही दाबलं. किंचाळून झाल्यावर माझ्या तोंडून निघालं, दादा, बघितलंस? सवयीने निघालं. सहा वर्षांतला माझा सगळ्यात मोठा डाव होता तो, आणि ज्याला चिडवून दाखवायचा तो दादाच तिथे नव्हता. मला इतकं वाईट वाटलं म्हणून सांगू.

आता जे फोनवर सांगायचं नव्हतं ते. त्या शेवटच्या रविवारी तुला म्हणायचं होतं, उत्तरेशी तह करूया, आणि तू म्हणालास, उत्तरेशी तवा करूया. हसलो सगळेच, पण आधी हसले मी. सब्जेक्टवर तुम्ही हसला होता तशीच हसले, मला वाटलं गंमतच केलीस. मग तू पुन्हा म्हणालास, तवा. आणि पुन्हा. तेव्हा मला कळलं. पण तोवर तू हेडफोन काढून ठेवला होतास. माझं चुकलं, दादा. अकरा आठवडे हे वाक्य घेऊन मी तुझ्या दाराशी आले, आणि प्रत्येक वेळी वहिनींशी भाजीच्या भावावर बोलून परत गेले. वहिनी सांगतात, तू आता मानेनेच हो-नाही करतोस. बोलणं शिकवायला बाई येतात, त्यांच्यासमोरही तोंड उघडत नाहीस. आमच्याकडची एक गोष्ट सांगते. नवी कवळी बसवली की महिनाभर माणसाची जीभ अडखळते, 'स'चा 'श' होतो, शिट्ट्या वाजतात. आम्ही सांगतो, घरच्यांसमोर मोठ्याने पेपर वाचा, हसतील तर हसू द्या. जे वाचतात ते दोन महिन्यांत खणखणीत बोलू लागतात. जे लाजतात त्यांची कवळी डबीतच राहते. इतक्या वर्षांत याला अपवाद मी पाहिलेला नाही. भट्टीचा दिवा विझला, आता उरकायला हवं.

तर मुद्द्याचं. तुझ्या नियमांच्या वहीत सातवा नियम तुझ्याच अक्षरात आहे, मी काल काढून पाहिला. मांडलिकाला बंड करायचं असेल तर त्याने किमान पाच दिवस आधी स्वहस्ते कागदावर कळवावं. सार्वभौमाने त्याचं उत्तर पुढच्या खेळात तोंडी द्यावं, सर्वांना ऐकू जाईल असं. उत्तर आलं नाही तर मांडलिक न लढता मोकळा. महाराज, आज सोमवार आहे आणि हा कागद संध्याकाळी वहिनी आपल्या हातात देतील. नखभरचं राज्य आपल्याविरुद्ध युद्ध पुकारत आहे, हे कळवताना मला अत्यंत आनंद होतो. इतका मार खाल्लेलं तुझं सैन्य अजूनही माझ्या दुप्पट आहे, तू बसलास तर मला चारी मुंड्या चीत करशील, आणि मला तेच हवंय. न लढता मिळालेली मोकळीक मला नको, दादा, आणि तुझ्याशिवायची तर नकोच नको. रविवारी चार वाजता आम्ही तिघं हेडफोन लावून बसलेलो असू. घड्याळ लावायचं नाही असं ठरलंय. तुला एक वाक्य बोलायला सात वाजले तरी आम्ही थांबू, आणि जो शब्द तुझ्या तोंडून येईल, तोच आमच्या दप्तरी बरोबर म्हणून लिहिला जाईल.

तुझीच,
धाकटी
(रविवारपर्यंत मांडलिक)